हिरालाल सरांचा नमुना पाठ

केंद्रप्रमुख हिरालाल गभणे सरांची मोठी ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. "वर्गात पाय ठेवला ना, की पाच मिनिटांत सांगतो मास्तर कुठं अडकला!" त्यांच्या हाताखाली चौदा शाळा. कोणत्याही शिक्षकानं कसलीही मदत मागितली तरी सरांकडे औषध एकच : हातच्याच्या वजाबाकीवरचा त्यांचा स्वतःचा नमुना पाठ, बारा मिनिटांचा व्हिडिओ. वाचता येत नाही? व्हिडिओ दाखवा. पोरं शाळेतच येत नाहीत? व्हिडिओ दाखवा!

आता मात्र मोठ्या साहेबांनी पेच टाकला होता. त्या व्हिडिओनं वजाबाकी शिकलेला एक तरी वर्ग दाखवा, मग तो जिल्हाभर लावू. नाहीतर काढून टाकू. उत्तर उद्या द्यायचं होतं. म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी सर मोटारसायकलवर आंबागड किल्ल्याच्या पलीकडच्या वस्तीशाळेकडे निघाले. तिथल्या रत्नमाला मॅडमनी चारदा फोन करून मदत मागितली होती. सरांनी चारदा व्हिडिओ पाठवला होता.

धुकं इतकं, की किल्ल्याची टेकडीच गायब! शाळेपुढं सरांनी गाडी बंद केली आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं : आवाज नाही. प्राथमिक शाळा, अकराचा सुमार, आणि चिटपाखरूसुद्धा बोलत नाही!

खिचडी शिजवणाऱ्या सुशीलाबाई चुलीपासून उठून जवळ आल्या.

"सर, जपून जाजा आत."

"काहून?"

"पोरायले कायतरी झालं जी. आठ दिवस झाले, सारी एकसारखीच बोलून राहिली. माही नात जेवता जेवता उठली, हात वर केला अन् म्हणे, 'सर, मी सांगू?' आता घरात सर कुठचा जी?"

"अंधश्रद्धा!" सर जोरात म्हणाले. इतक्या जोरात म्हणायची गरज नव्हती.

ते आत गेले. अठरा पोरं एकदम उठली, एकदम बसली. रत्नमाला मॅडम मागच्या भिंतीला टेकून गप्प उभ्या होत्या. सरांनी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत तिसऱ्या रांगेतलं एक पोरगं दोनदा खोकलं आणि गुड्डी नावाची मुलगी उभी राहिली.

"सर, मी सांगू? बावन्नातून सतरा गेले, पस्तीस उरले!"

सरांच्या अंगावर काटा आला. हेच तर ते विचारणार होते! अजून मनातच होतं!

"बरं... मग..."

"चौसष्टातून अठ्ठावीस, छत्तीस!" दुसरं पोरगं.

हेही मनातलं! सर फळ्याला चिकटले. तेवढ्यात अठराच्या अठरा माना दाराकडे वळल्या. सरांनीही पाहिलं. दारात कोणी नाही. नुसतं धुकं. पोरं त्या धुक्याकडे पाहून खदखदून हसली, आणि नळ बंद करावा तशी थांबली.

मग कोपऱ्यातून रुचिता नावाची एवढीशी पोरगी उठली. नसलेला चष्मा तिनं बोटानं वर सारला, घसा खाकरला आणि थेट हिरालाल सरांच्या जाड्या आवाजात म्हणाली, "घाबरू नका. मी तुमच्यातलाच आहे."

"आई गं!"

सर दारातून सुटले ते अंगणातल्या हातपंपाला मिठी मारूनच थांबले. मागून रत्नमाला मॅडम धावत आल्या.

"सर, कुठं चुकलं काय? बकरीचंच चुकलं ना? मिळाली नाही हो बकरी! म्हणून पोरायले म्हटलं, नुसतं दाराकडं पाहून हसा."

"कसली बकरी?"

"तुमच्या व्हिडिओतली! सहाव्या मिनिटाले येते ना! मागच्या भेटीत मी चिंचोके घेऊन वजाबाकी शिकवत होती, तं तुम्ही शेरा लिहिला, 'नमुना पाठ जसाच्या तसा घ्यावा.' घेतला. खोकल्यासकट."

"अन् ती माझ्या आवाजातली पोरगी?"

"सरावात तुमचं काम तिच्याकडं असते. आज तुम्ही स्वतः आले म्हणून तिले बसवलं होतं. पण तुम्हीच तुमचं बोलणं विसरले, तं ती उठली बिचारी."

सरांनी हातपंप सोडला. "ते जाऊ द्या. वजाबाकी तरी आली ना?"

मॅडमनी हातातला खडू त्यांच्यापुढं धरला.

सर परत आत गेले आणि फळ्यावर त्रेचाळीस वजा सव्वीस लिहिलं. गुड्डीचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. "हे व्हिडिओत नाही, सर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सरांना मघाच्या भुतापेक्षा हे जास्त लागलं. बाईनं चारदा हाक मारली आणि आपण चारदा आपलंच थोबाड पाठवलं! त्यांना मनापासून लाज वाटली.

"मॅडम, चिंचोके आणा," ते म्हणाले. "अन् तुम्हीच शिकवा. मी बसतो."

दहा-दहा चिंचोक्यांच्या चार पुड्या, वर तीन सुटे. सुट्या तिनातून सहा जाईनात. मॅडमनी विचारलं, आता कसं? पोरं पुड्यांकडे पाहू लागली. मग गुड्डीनं हळूच एक पुडी सोडली, आणि तिचा चेहरा असा उजळला की केंद्रप्रमुख मांडी घालून बसल्या बसल्या टाळ्या पिटू लागले. "सतरा!" ती ओरडली. मग सगळेच ओरडले, प्रत्येक जण आपापल्या वेळेला. उद्या साहेबांना स्पष्ट सांगायचं, तो व्हिडिओ काढून टाका, असं सरांनी तिथंच ठरवलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारच्या वस्तीवरचे धनीराम गुरुजी.

"सर, आजचा नवा नमुना पाठ पाहिला ग्रुपवर. मस्त झाला!"

"कोणता नवा?" सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीत ठेवलेल्या मोबाईलकडे बोट दाखवलं; तिथून वर्गही दिसत होता आणि उघड्या दारातून अंगणातला हातपंपही.

"भेट झाली की अर्ध्या तासात चित्रण टाकायचं, असा तुमचाच आदेश आहे ना, सर? चिंचोके आणायले गेली, तेव्हाच टाकलं."

"आमच्या पोरांचा तो पाठ बसलासुद्धा," फोनमध्ये धनीराम गुरुजी उत्साहानं सांगत होते. "एकच अडचण आहे, सर. तुम्ही 'आई गं' म्हणून हातपंपाले मिठी मारता. आमच्या शाळेत हातपंप नाही जी. विहिरीपर्यंत पळलो तं चालन काय?"