सुकरामच्या नावाचं कंपायलरला वावडं

"बाबुजी, काम तुमच्या नावावर अडून राहिलं," अंजू म्हणाली आणि सुकराम कापगतेनं तोंडाशी नेलेली चहाची बशी तिथंच थांबली.

आजवर या माणसाचं नाव कुठे अडलं नव्हतं. इटियाडोह धरणाच्या पाण्याची बैठक असो की गावातल्या मंडईच्या जत्रेची वर्गणी, पहिली हाक सुकरामलाच. गावचा तलाव त्याच्या पणजोबांच्या पिढीनं बांधलेला. त्या तलावाच्या पाळीइतकंच आपलं नावही पक्कं आहे, अशी त्याची मनोमन समजूत होती. आणि ते अडवलं कशानं, तर त्यानंच हौसेनं आणलेल्या लॅपटॉपनं!

"कोनं अडवलं?" त्यानं बशी खाली ठेवली.

"कंपायलरनं."

"कोन गावचा हाये तो?"

अंजूनं कपाळाला हात लावला. सकाळपासून तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नागपूरच्या एका लहानशा कंपनीनं तिला परीक्षेसाठी एक छोटा प्रोग्राम पाठवला होता. राइस मिलचा हिशेब ठेवणारा. तो आपल्या मशीनवर तयार करायचा आणि चार वाजता व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायचा. चालला तर नोकरी. नाही चालला तर "आम्ही कळवू", आणि त्याचा अर्थ काय असतो हे पोस्टमनलाही ठाऊक असतं. अंजू बी.एस्सी. झाल्यापासूनचा हा तिसरा दरवाजा होता. आधीच्या दोघांनी "आम्ही कळवू" म्हटलं होतं आणि अजून कळवत होते.

"मानसानं लिवलेलं मशीनीले समजत नाही बाबुजी. ते मशीनीच्या कामाचं करून देते त्याले कंपायलर म्हनतेत. तोच बिघडला हाये."

"म्हंजे इकडून धान टाकला, तिकडून तांदूर. अन् मिलच चालू होऊन नाही राहिली."

"हो. तसंच."

सुकराम सरकून जवळ बसला. कोणतीही वस्तू आतून कशी आहे हे कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. खरेदी केंद्रावरचा नवा काटा उलटा करून खालून पाहणारा तालुक्यातला हा एकमेव शेतकरी. त्यामुळे कंपायलर बिघडला हे ऐकून त्याला काळजी वाटली तितकीच मजाही वाटली.

अंजूच्या अडचणी एकामागून एक रांगेनं आल्या होत्या. आधी कंपायलर मशीनमध्ये असून मशीनला सापडेना. त्याला ठावठिकाणा सांगितला, तर तो म्हणाला, मी जुना झालो, नवा आणा. नवा उतरवायला घरात रेंज नाही, म्हणून ती लॅपटॉप घेऊन तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. तिथे म्हशी पाण्यात आणि ही रेंजमध्ये. नवा घेऊन घरी आली, कळ दाबली, आणि पडद्यावर लाल अक्षरांची ओळ उमटली. अमुक ठिकाणी फाइल सापडत नाही. त्या ठिकाणाच्या नावात मात्र अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं होती.

"हे काय हाये?" सुकरामनं बोट ठेवलं.

"हे तुमचं नाव हाये."

"माहं नाव? हे?"

झालं होतं असं. लॅपटॉप घेतला तेव्हा गोंदियाच्या दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, "अंकल, किसके नाम से खोलूँ?" आता घरात काहीही उघडायचं तर ते कर्त्या माणसाच्या नावानं, मग ते बँकेचं खातं असो की गॅसचं कनेक्शन, हा कापगत्यांच्या घरचा रिवाज. "माहं टाका," असं अंजू पुटपुटली होती, पण सुकरामनं छाती काढून सांगितलं, "सुकराम दाजीबा कापगते. मराठीतून. पूरा." त्याला पुढे मुक्काम-पोस्टही घालायचं होतं, पण पोरगा म्हणाला, "उतना नहीं बैठता, अंकल." तेव्हापासून या मशीनमधली प्रत्येक फाइल सुकरामच्या पूर्ण नावाच्या घरात राहत होती. कंपायलर परदेशात शिकलेला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, आणि नावांमध्ये सोडलेली मोकळी जागा तर मुळीच सहन होत नव्हती. हे सारं अंजूच्या आज, या घटकेला ध्यानात आलं.

"म्हंजे मशीनीत माहं नाव येऊनच नाही राहिलं?" सुकराम जरा मोठ्यानं बोलला.

नेमकी तेव्हाच शेजारची सुशिलाबाई विरजण मागायला दारात आली होती. दिवस धानखरेदीच्या नोंदणीचे. या दिवसांत 'मशीनीत नाव येत नाही' याचा अर्थ एकच, सरकारी केंद्रावर धान विकता येणार नाही. सुशिलाबाई विरजण न घेताच मागे फिरली. पहिली थांबली ती बोअरिंगवर, जिथे चार बाया पाणी भरत होत्या.

थोड्या वेळानं पहिला माणूस आला तो बुधराम उईके, जंगलाकडच्या वस्तीवरचा, सुकरामचा जुना मित्र. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी.

"काय गा सुकराम, तुहं नाव कटलं म्हनते?"

"कटलं नाही, अडलं."

"कटाच्या आदी अडतेच. माहं बी अडलं होतं." बुधराम खाटेवर बसला. "पाहाय वो अंजू, माहं हाये का?"

"काका, हे ते मशीन नाही. हे माहं नोकरीचं काम हाये."

"हो, तुहं काम चालू दे. मदात माहं पाहून घे."

त्याच्यामागून सुशिलाबाईचा नवरा आला, मग दोन मिशाळ भाऊ आले, मग ज्यांच्याकडे एक एकरही धान नव्हतं तेही आले. जो तो लॅपटॉपमध्ये डोकावून प्रश्नचिन्हं पाही आणि "अरेरे" म्हणे. दुःखाच्या घरी जमतात तसे लोक जमले होते, फरक इतकाच की इथे चहा मिळत होता. अंजूची आई कुंदाबाई तिसऱ्यांदा आधण ठेवत म्हणाली, "मी लोकायले चाय पाजू का पोरीची नोकरी पाहू?"

अंजूचे डोळे भरून आले होते. तिनं हळूच बापाकडे पाहिलं. "बाबुजी, एक उपाय हाये. नवीन खातं उघडा लागते. इंग्रजी अक्षरात, लहानसं, मदात जागा न सोडता."

"अन् माहं खातं?"

"ते राहीन. पन काम त्यात नाही होत."

ओसरीवरच्या साऱ्यांनी माना सुकरामकडे वळवल्या. चारचौघांसमोर असं ऐकायची सुकरामला सवय नव्हती. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. मशीन आपण आणायचं, आणि आपल्यालाच त्यात काम नाही! पण पोरीचा उतरलेला चेहरा पाहून त्याच्या नाकातला राग नाकातच विरला.

"उघड," तो म्हणाला. "तुह्या नावानं उघड. तेव्हाच उघडा पायजे होतं."

अंजूनं आपलं इवलंसं नाव इंग्रजीत घातलं. मशीननं ते कुरकुर न करता घेतलं. प्रोग्राम तिकडे नेला, कंपायलरला नवी वाट सांगितली, कळ दाबली. ओळी भराभर वर सरकल्या आणि लाल रंगाचा ठिपकाही न दिसता थांबल्या. प्रोग्राम तयार! उघडला, तर राइस मिलचा हिशेब समोर हजर. अंजूनं आईला मिठी मारली. चहाचं पातेलं कलंडलं, पण कोणी काही बोललं नाही.

आता लोकांनी उठून जावं की नाही? पण बुधराम जागचा हलेना.

"पोरीचं चाललं. आता माहं टाकून पाहाय."

"काका, तुमच्या नावाचा इथं काही संबंध नाही!"

"टाक वो बाई," हे बोलला खुद्द सुकराम. त्याचा आवाज खाली आला होता. "माह्याच नावात खोट हाये का समद्यायच्याच, हे तर समजू दे. नाहीतर मले झोप नाही येनार."

बापाची ती तोंड लहान करून विचारायची रीत अंजूला ठाऊक होती. वेळही थोडा हाताशी होता. तिनं बापाच्या पूर्ण नावाचा एक फोल्डर मराठीत बनवला, तयार झालेला प्रोग्राम त्यात ठेवला आणि उघडला. प्रोग्राम क्षणभर लुकलुकला आणि गायब झाला. ना लाल ओळ, ना तक्रार.

"गेला," सुकराम म्हणाला, स्वतःच गेल्यासारखा.

मग बुधराम फागू उईके. लुकलुकला, गेला. सुशिलाबाई. गेला. मिशाळ भाऊ पाठोपाठ गेले. कोणीतरी भीत भीत सरपंचाचं नाव सुचवलं. अंजूनं टाकलं. तोही गेला! ओसरीवर असा हशा पिकला की रस्त्यावरची कोंबडी उडाली. सरपंचाचंही चालत नाही म्हटल्यावर कोणाला कसलंच दुःख उरलं नाही. सुकरामच्या चेहऱ्यावर सकाळनंतर पहिल्यांदा रंग आला. त्यानं कुंदाबाईला स्वतःहून सांगितलं, "आनखी चाय ठेव."

हसत नव्हती एकटी अंजू. कंपायलरचं काम तर संपलं होतं. प्रोग्राम तयार होता, धडधाकट होता. मग मराठी नाव दिसलं की तो पळून का जातो? ती आता नोकरी विसरली. बापाचीच पोर ती. तिनं फोल्डर बदलून पाहिले, मराठीत एकच अक्षर ठेवून पाहिलं, आणि शेवटी कंपनीनं लिहिलेल्या ओळींमध्ये ती जागा तिला सापडली, जिथे फाइलचा पत्ता फक्त इंग्रजीत असेल असं गृहीत धरलं होतं. तेवढ्यात कॉल वाजला.

"हां अंजू, बिल्ड झालं? प्रोग्राम तयार?" नागपूरचे वीरेंद्र सर पडद्यावर दिसले. मग त्यांना तिच्यामागची गर्दी दिसली. "कोणाकडे लग्न आहे का?"

"नाही सर. झालं बिल्ड. हे बघा, चालते." तिनं चालवून दाखवलं. इथेच थांबली असती तरी भागलं असतं. पण तिला राहवेना. "पन सर, तुमचा प्रोग्राम आमच्या गावात कोनाच्याच नावावर नाही चालत."

सुकरामनं डोळे मिटले. हातातली नोकरी गेली असं त्याला वाटलं.

"म्हणजे?"

अंजूनं सुकरामपासून सरपंचापर्यंत एकेक फोल्डर उघडून दाखवला. बुधरामनं पुरावा म्हणून आपलं आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. वीरेंद्र सरांनी मान वळवून कोणाला तरी हाक मारली, आणखी दोन चेहरे पडद्यावर आले. गेलं वर्षभर गावोगावचे मिलवाले तक्रार करत होते, प्रोग्राम उघडतो आणि बंद होतो. कंपनीनं माणसं पाठवली, केबल बदलल्या, व्हायरस आहे म्हणून सांगितलं. प्रत्येक मिलवाल्यानं आपल्या कॉम्प्युटरला हौसेनं आपलं पूर्ण नाव मराठीत दिलं असेल, हे नागपुरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"एक तारखेपासून येशील?" वीरेंद्र सरांनी विचारलं.

ओसरीवर एकच गलका झाला.

अंजूनं नोकरी धरली आणि महिनाभरानं सुकराम तांदळाची पिशवी घेऊन कंपनी पाहायला नागपूरला गेला. काचेच्या दाराआत पाऊल ठेवतो न ठेवतो तोच आतून एक मुलगा ओरडला, "सुकराम पुन्हा आला!"

सुकराम चकित झाला. पुन्हा कसा? तो तर पहिल्यांदाच येत होता.

"कुठं?" दुसऱ्यानं विचारलं.

"लाखनीत. सकाळपासून दोन मिल बंद पाडल्या त्यानं."

अंजू धावत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. बापाला बाजूला नेऊन तिनं सगळं सांगून टाकलं. ती खोट पहिल्यांदा त्यांच्या नावावर सापडली म्हणून इथे सगळे त्या खोटीलाच 'सुकराम' म्हणतात. एका ठिकाणी दुरुस्त केली की दुसरीकडून डोकं काढते. दिवसभर हेच चाललेलं असतं. सुकराम आला का, सुकराम गेला का.

"तुमाले राग आला का बाबुजी? मी त्यायले सांगतो नाव बदलवाले."

समोर ओळीनं बसलेली सुशिक्षित पोरं, त्यांचे मोठाले पडदे, आणि त्या सगळ्यांच्या तोंडी आपलं नाव. सुकरामनं टोपी नीट केली.

"अन् ही खोट पूरी दुरुस्त झाली, म्हंजे मंग माहं नाव घेनं बंद?"

"हो बाबुजी. वीरेंद्र सरानं ते काम मलेच देलं हाये."

सुकरामनं इकडेतिकडे पाहिलं, पोरीच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "मंग सावकाश कर बाई. घाई कायची हाये?"