मटणाच्या दोन बरण्या

जर्मनीतल्या येना शहरातले आमचे शेजारी आपटेकाका गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाल्कनीत मटणाच्या दोन बरण्या ठेवून गेले. त्यांच्या बाल्कनीत काकू ठेवू देईनात. एका बरणीवर मलमलीचं फडकं बांधलेलं, दुसरी उघडी. चौथ्या दिवशी इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर नाक धरून दारात हजर.

काका त्यालाच समजावू लागले. "सडक्या मांसातून किडे आपोआप जन्मतात असं भलेभले विद्वान मानायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकानं असं फडकं बांधून पाहिलं. आत एक अळी नाही! माश्यांनी अंडी घातली तरच अळ्या. बघा ना!"

तो बघेना. आम्हाला मात्र तक्रारीचं पत्र आलं.

काकांनी तीस वर्षं भिंगं तपासण्यात घालवलेली. "पाहिलंस का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. काकू "दूध नासलं" म्हणाल्या, की हे थेंब काचेखाली धरणार. वर काका म्हणायचे, "ऐकीव गोष्टींवर माणसानं दोन हजार वर्षं काढली. गेनाऊ, अगदी तेवढी!"

नोव्हेंबरात काकूंच्या छातीत गाठ लागली. गाठीचा तुकडा तपासायला गेला.  आठवड्यानं, निकालाच्या सकाळी, काका माझ्या दारात आले. "तू चल आमच्याबरोबर." ट्राममध्ये एवढंच म्हणाले, "मला निकालाचा कागद नको. स्लाइड मी स्वतः बघणार."

तसं त्यांनी दवाखान्याला आधीच लिहून कळवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खरंच सूक्ष्मदर्शक टेबलावर आणून ठेवला होता. "आधी बघता, की आधी सांगू?"

"बघतो."

काका वाकले. बोटं फोकसच्या चाकावर गेली. चाक पुढे, मागे, पुन्हा पुढे.  काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मिनिट गेलं, दुसरं गेलं.

काका सरळ झाले. चेहरा पांढराफटक.

"मला काही दिसत नाहीये," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."

"साधी गाठ आहे, आपटेसाहेब. कॅन्सर नाही."

काकूंनी माझं मनगट सोडलं.  काका उठले, खुंटीवरचा काकूंचा कोट काढला, त्यांच्या अंगावर चढवला आणि खालपासून एकेक बटण लावायला लागले.

"अहो, बाहेर ऊन पडलंय," काकू म्हणाल्या.

काकांनी गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली.