नाथाजीची नखं

शनिवारी सकाळी मारुतीला नारळ फोडायच्या आधी पिंपळमाळच्या तालमीत नखांची पाहणी होत असे. हरिबा वस्ताद आखाड्याच्या कडेला बसत आणि एकेक पैलवान हात पुढे करून त्यांच्यासमोरून जाई. नखं घेऊन मातीत उतरणारा पैलवान आणि चपला घालून जेवायला बसणारा जावई, दोघांची वस्तादांच्या लेखी एकच लायकी होती.

नाथाजीनं तीन महिने ही पाहणी चुकवली होती. कधी करट झालंय म्हणून बोटांना हळदीची चिंधी बांधली, कधी मुद्दाम उशिरा आला. पण त्या शनिवारी वस्तादांनी त्याचं उजवं मनगट धरून चिंधीच सोडली. आत करट नव्हतं. अंगठ्यासकट चार बोटांची नखं होती, घासून गोल केलेली, खोबरेल लावून सांभाळलेली.

"ही काय भानगड?" वस्ताद म्हणाले. "काप आत्ताच्या आत्ता."

"न्हाई कापणार," नाथाजी म्हणाला.

वस्तादांना 'न्हाई' म्हणणारा माणूस पिंपळमाळात अजून जन्माला यायचा होता, निदान आतापर्यंत तरी.

खरं कारण सांगण्यात अर्थ नव्हता. खरं कारण गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत, पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते कारण म्हणजे गिटार. दोन वर्षांपूर्वी नाथाजीचे वडील, लालासाहेब हवालदार, बैलगाडीवरून पडले आणि मांडी मोडून बावीस दिवस मिरजेच्या दवाखान्यात झोपून राहिले. शेजारच्या खाटेवर रेल्वेचा एक गार्ड होता, फर्नांडिस नावाचा, पाय प्लास्टरमध्ये आणि छातीवर गिटार. नाथाजी बापाची सेवा करायला गेला आणि गिटार शिकून आला. लालासाहेब ते बावीस दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते.

फर्नांडिसला प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडणं मंजूर नव्हतं. "नखानं वाजव. तारेला माणूस कळला पाहिजे," असं तो म्हणे. नाथाजीनं मिरजेच्या एका सतार करणाऱ्याकडून गिटार करून घेतली. त्या कारागिराची ती पहिलीच गिटार, त्यामुळे हात सतारीकडेच वळत होता. टोकाला त्यानं मोर कोरला आणि खुंट्याही सतारीच्याच बसवल्या. वाजत मात्र ती झकास होती. सांगलीच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला मुंबईला पळाला, तेव्हा तिथल्या मास्तरांनी त्या कारागिराकडून नाव ऐकून नाथाजीला सांगावा धाडला होता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी बारा वाजता येऊन वाजवून दाखव.

घरात हे कळलं तेव्हा लालासाहेबांनी एकच हुकूम सोडला. "जत्रंत पाटणच्या गुंडा पैलवानाला चीत करायचं. केलंस, तर तुझं तू काय वाजवायचं ते वाजव. हरलास, तर ते लाकूड आंघोळीच्या बंबात."

म्हणजे गिटार वाचवायची तर कुस्ती जिंकायला हवी, कुस्ती खेळायची तर नखं कापायला हवीत, आणि नखं कापली तर गिटार वाचवून करायचं काय? ह्या चक्रात नाथाजी महिनाभर गरगरत होता. आता वस्ताद मनगट सोडायला तयार नव्हते.

"का कापणार न्हाईस? कारण सांग."

"नवस हाय," नाथाजी बोलून गेला.

"कशाचा?"

वस्ताद आदल्या संध्याकाळी पलूसच्या एस.टी. थांब्यावरून चार मैल चालत आले होते आणि अजून गुडघा चोळत होते. नाथाजीची नजर त्या गुडघ्यावर पडली. "गावात यष्टी येईपातुर नखं कापायची न्हाईत, असा."

नवस निवडताना त्यानं डोकं वापरलं होतं. यष्टीसाठी गावानं पहिला अर्ज केला तेव्हा नाथाजी मराठी शाळेत होता. आता तो तेवीस वर्षांचा होता. यष्टी येण्याआधी आपले केस पांढरे होतील याची त्याला खात्री होती.

वस्तादांचा हात गुडघ्यावर थांबला. डोळे भरून आले. "गावासाठी नवस केलास रं पोरा? आन् बोलला न्हाईस?" मग त्यांनी डावा हात पाहिला. "पर ह्या हाताची का कापल्यात?"

तारा दाबणाऱ्या हाताला नखं चालत नाहीत, हे कसं सांगणार? "नवस उजव्या हाताचा हाय," तो पुटपुटला.

"देवाला हात जोडताना एकच जोडतोस व्हय रं? नवस दोन्ही हातांचा. आजपासनं डाव्या हातालाबी कात्री लावायची न्हाई. म्या बघतो."

आणि त्यांनी बघितलं. एकट्या त्यांनीच नव्हे, अख्ख्या गावानं बघितलं. दुपारपर्यंत नवस पारावर पोचला, संध्याकाळी चावडीवर. बाया पाणी भरायला जाताना वाट वाकडी करून नखं पाहून जाऊ लागल्या. नाथाजीच्या आईला, शालूबाईला, पोराचा आधी राग आला होता. पण चार जणींनी ओटीत नारळ घातल्यावर तिलाही तो नवस आपणच सुचवला असं वाटू लागलं. धार काढताना नख तुटेल म्हणून तिनं त्याला म्हशीजवळ जाऊ देणं बंद केलं.

"आगं आये, पर मला काम तरी करू दे," नाथाजी कळवळला.

"गप बस. गावाची नखं हायती ती."

महिनाभरात डाव्या हाताची नखं मजेत वाढली. गिटारीच्या तारा दाबायला गेलं की बोटांआधी नखं टेकत आणि सूर खरखरत निघे. उजवा हात वाचवायला नवस केला आणि त्या नवसानं डावा हात खाल्ला. तरी नाथाजी रोज गंजीमागे बसून वाजवायचाच. हट्ट त्याच्या घराण्यातच होता.

एका संध्याकाळी अंगणात पाठ करून बसलेले लालासाहेब बायकोला म्हणाले, "ह्याचं लाकूड घसा बसल्यागत का बोलाय लागलंय?"

"तुमी कशाला ऐकताय?"

"म्या कुठं ऐकतोय? कानावर पडतंय."

नाथाजीचा बेत साधा होता. शनिवारी कुस्ती मारायची, रविवारी पहाटे पलूसची वाट धरायची आणि वाटेत आंब्याखाली बसून डाव्या हाताची नखं ब्लेडनं उडवायची. परत आल्यावर गावाला काय सांगायचं, ते त्यानं परत येण्यावर सोडलं होतं.

पण सरपंच हंबीररावांचाही एक बेत होता. नखांची गोष्ट अर्जात घालून त्यांनी तो यष्टीच्या जिल्ह्याच्या साहेबांना नेऊन दिला आणि साहेबांनाच जत्रेचे पाहुणे म्हणून बोलावलं. साहेब आले, फेटा बांधून घेतला आणि आखाड्यासमोर खुर्चीवर बसले.

शेवटची कुस्ती पुकारली. गुंडा लंगोट कसून आला. मागच्या साली त्यानं नाथाजीला सहाव्या मिनिटाला आभाळ दाखवलं होतं. पंचांनी रिवाजाप्रमाणे दोघांचे हात पाहिले आणि नाथाजीचे हात पाहून एक पाऊल मागे सरले.

"ह्यो काय परकार?" गुंडा ओरडला. "म्या पैलवानासंगं खेळाय आलोय का मांजरासंगं?"

हंबीरराव धावत मातीत आले. "नवस हाय पावनं. गावाचा नवस हाय."

"नवस तुमच्या गावाचा," गुंडाचा वस्ताद म्हणाला, "पर कातडं आमच्या पोराचं हाय. नखं काढा, न्हाईतर कुस्ती सोडून दिली म्हना."

पंचांनी कपाळावर हात मारला. कापा म्हणावं तर गाव अंगावर येणार, खेळा म्हणावं तर पाटणकर. लोक उठून उभे राहिले. नाथाजीला समोर आंघोळीचा बंब दिसू लागला, आणि बंबात कोरीव मोर. त्याच्या डोक्यात तिडीक उठली.

"मुठी बांधा माझ्या," तो म्हणाला. "दोनी."

"आरं गड्या, मुठी बांधून काय घंटा बडवणार हाईस?" हरिबा वस्ताद कानाशी कुजबुजले. "पकड कशानं करशील?"

"तुमी बांधा. न्हाई कापणार म्हटलं म्हंजे न्हाई कापणार."

वस्तादांनी आपला फेटा टराटरा फाडला आणि दोन्ही मुठी गच्च बांधल्या. सलामी झाली. गुंडा हसत हसतच अंगावर आला आणि तिथंच त्याची चूक झाली. नाथाजीचं मनगट धरायला जावं तर हाताला कापडाचं बोचकं लागत होतं. पकड कुठं करावी तेच त्याला उमगेना. नाथाजीला बोटं नव्हती, पण कोपरं होती, मांड्या होत्या आणि महिनाभराचा राग होता. बारा-पंधरा मिनिटं दोघं माती उधळत राहिले. एकदा तर गुंडानं त्याला खाली घेतलंच होतं, पण नाथाजी मान ताठ करून मातीत रुतून राहिला आणि सुटला. उठता उठता त्यानं दोन्ही बाहू गुंडाच्या काखेत घातले, कोपरांनी त्याला आवळला आणि बाहेरून टांग लावली. गुंडा पाठीवर पडला तो दोन्ही खांदे टेकूनच.

हलगी कडाडली, टोप्या उडाल्या. लोकांनी नाथाजीला खांद्यावर घेतलं. लालासाहेब गर्दीतून काठी टेकत निघाले, पोराकडे न बघता म्हणाले, "जिंकलास. वाजव काय ते," आणि घराकडे गेले. नाथाजीला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग साहेबांनी कर्णा मागून घेतला.

"असा तरुण मी पाहिला नाही," साहेब म्हणाले. "मुठी बांधून लढला, पण गावासाठी केलेला नवस मोडला नाही! आता अर्ज नको, फाइल नको. उद्या सकाळी आठ वाजता पिंपळमाळमध्ये गाडी येईल. पिंपळमाळ ते सांगली!"

गाव वेडं झालं. हरलेला गुंडाही टाळ्या वाजवत होता. एकटा नाथाजी लोकांच्या खांद्यावर बसून रडकुंडीला आला होता, आणि लोकांना ते आनंदाचे अश्रू वाटत होते.

रविवारी पहाटे पलूसला पळून जायची सोय राहिली नाही. तालमीतली चार पोरं मानाचा पहारा म्हणून दारात झोपली होती. आठ वाजता लाल गाडी धुरळा उडवत आली. बायांनी चाकावर पाणी घातलं, ड्रायव्हरला ओवाळलं, बोनेटवर नारळ फुटला. गाडीसमोर पाट मांडला होता आणि पाटाशेजारी कोंडीबा न्हावी नराणी परजून बसला होता. त्या नखं काढायच्या हत्याराला त्यानं हळदकुंकू लावलं होतं.

नाथाजी आला तो काखेत पोत्यात गुंडाळलेली गिटार घेऊन. पाटावर न बसता तो सरळ गाडीच्या पायरीवर चढला.

"आरं, बस की पाटावर," हंबीरराव म्हणाले. "नवस फिटला."

"न्हाई कापणार," नाथाजी म्हणाला.

"आँ?"

"न्हाई कापणार! गावाला काय समजायचं ते समजू दे. मला सांगलीला जायाचं हाय."

कोंडीबाच्या हातातली नराणी गळाली. हरिबा वस्तादांचा चेहरा पाहवेना. "पावलेला नवस फेडला न्हाई तर गावावर कोप हुईल रं," ते म्हणाले आणि त्यांनी चार पोरांना खूण केली. पोरं पुढे झाली. नाथाजीनं गिटार पाठीमागे धरली आणि उजव्या हाताची मूठ वळली. आता सगळं खरं सांगून टाकायचं, मग गाव मारो नाहीतर तारो, असं ठरवून तो म्हणाला, "आयका. त्यो नवस म्हंजे..."

"सावधान!"

पलटणीत कमावलेला तो आवाज ऐकून पोरंच काय, ड्रायव्हरही ताठ झाला. लालासाहेब काठी टेकत पुढे आले.

"नवस काय हुता?" त्यांनी वस्तादांना विचारलं.

"यष्टी येईपातुर नखं न्हाई कापायची."

"आली म्हंजे काय? आज आली, उद्या न्हाई आली तर? वरातीला घोडंबी येतं एक दिस. एकबी खाडा न पडता वरीसभर चालली, तर यष्टी आली म्हनायचं."

"पर हवालदार, आषाढात ओढ्याला पाणी येतंय," हंबीरराव चाचरत म्हणाले. "चार-आठ दिस वाट बंदच आसती. वरीसभर बिनखाड्याची कशी चालंल? दर साली..."

"मग? नवस म्हंजे काय सोपा आसतो व्हय?"

वस्तादांनी मान डोलावली. गोष्ट रीतीला धरून होती.

"पर पाट मांडलाय," कोंडीबा रडवेल्या आवाजात म्हणाला. "हळदकुंकू लावलंय. हत्यार रिकामं कसं न्यायचं?"

"रिकामं का न्हेतोस? गाडी आली, येवढा निम्मा नवस फिटला. एक हात घे." लालासाहेबांनी पोराला पायरीवरून खाली ओढलं, पाटावर बसवलं, आणि त्यानं उजवा हात काखेत लपवायच्या आतच त्याचा डावा हात धरून कोंडीबाच्या मांडीवर ठेवला. "ह्यो. पार मुळापातुर काढ. जरासुदीक ठिवू नगंस."

नाथाजी बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. कोणता हात, ते त्यानं घरात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. बाप मात्र लांब ओढ्याकडे बघत उभा होता.

पाच नखं पडली, हलगी वाजली, कंडक्टरनं घंटी मारली. नाथाजी खिडकीशी बसला, मांडीवर पोतं. गाडी हलली तशी लालासाहेबांनी काठीनं पत्र्यावर दोनदा ठोकलं.

"आन् ती तिसरी तार जरा चढीव," ते म्हणाले. "म्हयनाभर उतरलीया."