खांब उकंडरावाचा, उजेड अर्जुनरावाचा

संध्याकाळचे सात वाजले आणि उकंडरावाच्या हातातली भाकर ताटातच राहिली. समोरच्या अर्जुनरावाच्या अंगणात आणि शेवंतीवर लखकन पांढरा उजेड पडला होता. असा, की त्याच्या म्हशीच्या अंगावरचे गोचीड इथून मोजावेत. आणि ज्या खांबावरून तो उजेड पडत होता, तो खांब उभा होता उकंडरावाच्या बांधावर.

"हे पाह्य! खांब आपला, अन् उजेड त्याच्या घरात!"

"खांब नगरपंचायतीचा हाय," कौशल्याबाई म्हणाली. "तुमी जेवा."

"बांध कोनाचा हाय?"

"भाकर थंडी होऊन राह्यली."

वीज वाचावी म्हणून नगरपंचायतीने गावभर जुने दिवे काढून एलईडी बसवले होते. उकंडरावाला विजेचं काही पडलेलं नव्हतं. या खांबावरचा जुना दिवा दोन निवडणुका होऊन गेल्या तरी मेलेलाच होता आणि उकंडरावाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दोघांना सारखा अंधार होता, तोवर अंधार गोड लागत होता.

मधून रस्ता. अलीकडे उकंडरावाचं घर आणि घराला लागून अर्धा एकर शेवंती. पलीकडे अर्जुनरावाचं घर आणि त्याचीही अर्धा एकर शेवंतीच. दिवाळीला अमडापूरच्या बाजारात कोणाची फुलं आधी उतरतात, यावर दोघं वीस वर्षं झुंजत होते. उकंडरावाच्या घरची दिवाळी, फराळ, लेकीची चोळीबांगडी, सगळं त्या अर्ध्या एकरातच उगवायचं.

आता अर्जुनराव रोज संध्याकाळी त्या उजेडात खुर्ची टाकून बसू लागला. पेपर मोठ्याने वाचायचा. मधेच हाक मारायचा, "काय उकंडराव, आंधारात काय करून राह्यले? सुई-दोरा असन तं आना इकडं, ओवून देतो!"

श्रावण संपायच्या आत उकंडराव अर्ज घेऊन नगरपंचायतीत गेला. तिथे भागवतबाबू दिव्यांचं टेबल सांभाळायचे.

"काका, रस्त्यावरचा दिवा रस्त्यासाठी असते."

"मंग त्याच्या अंगनात काऊन पडते? त्याचं अंगन का हायवे हाय?"

भागवतबाबूंनी डोकं खाजवलं. "दिव्याची मान तुमच्याकडं फिरवता येते. पन आता ज्याच्याकडं उजेड हाय, त्याची ना-हरकत लागीन."

अर्जुनरावाच्या दारात जाऊन सही मागायची! त्यापेक्षा कोणी फवारणीच्या विषाची, एंड्रिनची बाटली पुढे केली असती तर उकंडरावाने विचार केला असता. तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी रस्ता ओलांडून गेला.

"उजेड?" अर्जुनराव छातीवर हात ठेवून म्हणाला. "माहा उजेड? अन् लेकराईनं अभ्यास कुठी कराव?"

"कोनती लेकरं बे? तुहा पोरगा पुन्यात नोकरीले हाय!"

"येते ना सुट्टीत." अर्जुनरावाने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "देतो सही. पन गनपतीच्या आरतीले, धा मानसाईत तुमी बोलायचं. अर्जुनरावाची शेवंती माह्यापेक्षा सरस हाय म्हनून."

आरती झाली. प्रसादाआधी उकंडराव उभा राहिला. एरंडेल प्यावं तसं तोंड करून ते वाक्य बोलला आणि प्रसाद न घेता घरी आला. दुसऱ्या दिवशी अर्जुनरावाने सही केली. जमीन लिहून देताना माणूस करतो तसा चेहरा करून केली.

शिडीची गाडी आली ती पितृपक्षात.

"या दिवसात नवं काई करत नसतात," कौशल्याबाई म्हणाली.

"उजेडाले कायचा मुहूर्त व?"

दिव्याची मान फिरली. उकंडरावाचं अंगण, गोठा, छपरावरचं कडब्याचं पेंडकं आणि पार पलीकडच्या बांधापर्यंतची शेवंती, सगळं दुधात न्हाऊन निघालं. अर्जुनरावाचं घर काळंभोर झालं. उकंडरावाने गल्लीत पेढे वाटले. रात्री तो अंगणात बाज टाकून, डोळ्यांवर उपरणं बांधून झोपला.

"मले झोप लागत नाई या झकपकीत," आतून कौशल्याबाई कण्हली.

"त्याले तरी लागत असन का? जळून राह्यला असन तो! झोप."

अर्जुनराव घोरत होता. रस्त्यापलीकडून ऐकू येत होतं. उकंडरावाने ठरवलं की तो रडतोय.

दसरा आला. अर्जुनरावाच्या शेवंतीने कळी धरली. उकंडरावाची शेवंती कमरेएवढी झाली होती, हिरवीकंच, पण कळीचा पत्ता नाही. आधी तो खूशच झाला. "वाढ पाह्य म्हना! त्याचे रोपटे तं लेकरावानी दिसते याच्यापुढं!" कोजागिरी गेली. पलीकडे पिवळा रंग फुटला. इकडे पानांवर पानं. उकंडरावाने खत टाकलं. फवारणी केली. बांधावर लिंबू-मिरची टांगली. शेवटी रस्त्यात उभा राहून ओरडला, "अर्जुन्या, माह्या वावरात काय टाकलं बे?"

"म्या? तुमच्या वावरात? आंधारात मले रस्ता तरी दिसते का?" अर्जुनराव नम्रपणे म्हणाला.

मग कृषी सहायक अनुपमा मॅडम आल्या. त्यांनी रोप पाहिलं, वर दिवा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काका, शेवंतीला कळी धरायला लांब, काळी रात्र लागते. तुम्ही तिला रात्रच होऊ दिली नाही. तिला वाटतंय अजून उन्हाळाच चालू आहे."

"मले तं कोनी सांगतलं नाई."

"मी अर्जुनकाकांना सांगितलं होतं ना, दिवा लागला त्याच आठवड्यात! म्हटलं, समोरही सांगा."

उकंडराव बाजेवर बसला. कौशल्याबाई खांबाला टेकली. "मॅडम, दिवाईचं काई होते का?"

"दिवाळी तर हातची गेली. पण उद्यापासून अंधार मिळाला तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुलं हाती येतील. उशीर करू नका."

उकंडराव तसाच उपरण्यानिशी नगरपंचायतीत धडकला. भागवतबाबूंनी फाईल उघडली. वरच अर्जुनरावाचा अर्ज होता. श्रावणातला. 'माझ्या शेतावरचा उजेड काढून घ्यावा.'

"दोन चकरा मारल्या त्याईनं," भागवतबाबू म्हणाले. "म्या सांगतलं, उजेड परत घ्याचा फॉर्मच नाई आपल्याकडं. सरकार उजेड देते, नेत नाई. कोनी मागनारा आना, म्हनलं, त्याच्याकडं फिरवू. मंग आठव्या दिवशी तुमी आले."

उकंडरावाच्या डोळ्यांपुढून खुर्ची गेली, पेपर गेला, सुई-दोरा गेला, गणपतीची आरती गेली.

"मंग फिरवा आता त्याच्याकडं!"

"त्याची मागनी पाह्यजे."

"तो कायले मागते?"

"नाई मागत."

"पोतं टाकू का दिव्यावर?"

"सरकारी दिवा हाय. गुन्हा होते." भागवतबाबू माणूस वाईट नव्हते. त्यांनी एक कोरा फॉर्म काढला, पेन पुढे केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, काम दोन दिवसात होते. तुमच्यावर जळनारा एक शेजारी सांगा फक्त. तुमच्याजवळचं काईबी पाह्यलं की ज्याले आपल्याले पाह्यजेच वाटते, असा. दिवा त्याच्याकडं फिरवून टाकतो. कोन हाय?"

उकंडराव विचार करू लागला. रेणुकाबाई? तिच्या बोअरला पाणी जास्त लागलं म्हणून तोच दोन उन्हाळे तिच्याशी बोलला नव्हता. जनकाबाईचा पोरगा तलाठी झाला, तेव्हा तोच पेढा न खाता आला होता. त्याने अख्खी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळली. प्रत्येक दारात त्याला स्वतःच उभा दिसला, आत डोकावताना.

"सांगा ना काका. एक नाव."

"नाई," उकंडराव म्हणाला. "तसं कोनीच नाई."

आणि उपरण्याने त्याने डोळे पुसले. शेवंती गेली तेव्हाही त्याला इतकं लागलं नव्हतं.