जांभळी बोटं

रंगाऱ्याचे हात मंगळवारी दुपारी स्वच्छ झाले, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

रंगारी म्हणजे भिंती रंगवणारा नव्हे हो. मेंदूच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे याच नावानं हाक मारत. मेंदूचा पापुद्र्याएवढा काप काचेवर घ्यायचा आणि जांभळ्या रंगात बुडवायचा, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. रंग दिल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली काही म्हणजे काही दिसत नाही. पेशी असतात, पण असून नसल्यासारख्या. हातमोजे घातले की काच निसटते, म्हणून हा गडी उघड्या हातांनीच काम करायचा. बोटं बारा महिने जांभळी.

प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख मॅडमची नजर नेमकी त्या बोटांवर गेली. "उद्या तपासणी आहे. हे हात दाखवणार आहात त्यांना?"

झालं! जादा रंग उतरवायचं द्रावण समोरच होतं. "काप यात क्षणभरच ठेवायचा, नाहीतर सगळंच उतरतं," असं विद्यार्थ्यांना बजावणारा हा शहाणा स्वतःची बोटं पाऊण तास बुडवून बसला. हात निघाले ते तान्ह्या पोरासारखे गोरेगुलाबी. स्वारी खूश होऊन घरी निघाली.

संध्याकाळी सहाला आईची गोळी असायची. आईला विसरण्याचा आजार होता. डॉक्टरांनी समजावलं होतं, "एक पेशी दुसरीला निरोप धाडते, तो वाटेतच विरतो. गोळी तो जरा जास्त वेळ टिकवते. पण निरोप घेणारी पेशीच उरली नाही, तर गोळी तरी काय करणार?" तरी तिचाच काय तो आधार. मागे दोन आठवडे गोळ्या बंद पडल्या, तेव्हा आई अनवाणी चौकात सापडली होती. आणि गोळी घ्यायची ती फक्त मुलाच्या हातून.

"आई, आ कर."

आईनं गोळीकडे पाहिलं, मग बोटांकडे. "तुम्ही कोण?"

जन्मात पहिल्यांदा आई त्याला 'तुम्ही' म्हणाली.

"अगं, मी! तुझा मुलगा!"

"माझ्या मुलाची बोटं जांभळी आहेत. मला काय वेडी समजता?"

दिवसभर आईजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकू मध्ये पडल्या. "अहो, तुमचाच आहे हो तो!"

"तुम्हालाही फितवलं का यानं?"

शेवटी त्यानं बहिणीला फोन लावून आईच्या कानाला धरला. ती बिचारी तिकडून ओरडली, "आई, दादाच आहे तो!"

"फोनमधली बाईसुद्धा सामील आहे," असं जाहीर करून आईनं काठी उचलली. काकूंना हसू आवरेना. रंगारीही हसायला गेला, पण त्याला रडूच फुटलं. काठी खांद्यावर बसली ती वेगळीच.

तसाच तो धावत प्रयोगशाळेत गेला. पहारेकरी म्हणाला, "काय विसरलात?"

"रंग!"

घाईत बाटली कलंडली. हात कोपरापर्यंत जांभळे झाले आणि घाम पुसताना नाकही रंगलं. उद्याच्या तपासणीचं काय व्हायचं ते होवो, म्हणत तो परत घराकडे पळाला.

"आलास? किती रे उशीर!" म्हणत आईनं निमूट आ केला. गोळी पोटात गेली आणि रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. नाकाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

मग त्याला जवळ ओढून ती हळूच म्हणाली, "अरे, मघाशी एक माणूस आला होता. सारखा आई, आई करत होता. मी हाकललं त्याला. काठीनं मारलं रे!"

"असू दे गं. कोण कुठला."

"असं नको म्हणूस. रडत गेला. आई नसेल बिचाऱ्याला." तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. "माझ्यातलं अर्धं जेवण झाकून ठेवलंय त्याच्यासाठी. बाहेर कुठं असेल तर नेऊन दे."

"देतो."

तो स्वयंपाकघरात गेला, ताटावरचं झाकण काढलं आणि ओट्याशी उभ्यानंच सगळं जेवला. डोळे पुसले, तशी गालांनाही जांभळं लागलं.

"जेवला का रे तो?" आईनं बाहेरून विचारलं.

"जेवला, आई. पोटभर जेवला."