मालनचा मासा नर की मादी?

मालनच्या दोन एंजल माशांपैकी एक मेला, हे मला सकाळी चहाच्या वेळी कळलं. सुनेनं हाक मारली, "मामा, जरा इकडं या." काचेच्या टाकीत एक मासा आडवा तरंगत होता. दुसरा कोपऱ्यात तोंड घालून उभा होता.

मालन माझी बायको. उन्हाळ्यात गेली. या माशांना ती नवरा-बायको म्हणायची. अंडी घातली की ते आपलीच अंडी खाऊन टाकायचे. एकदा तरी पिल्लं बघायची, एवढीच तिची हौस. दवाखान्यात सलाईन लावलेलं असतानाही तेच विचारायची. मी म्हटलं होतं, "तू घरी ये, पिल्लं दाखवतो."

ती आली नाही. पण शब्द दिला तो दिला.

आता मेला तो नवरा की बायको? दोघंही तसेच चपटे, तसेच काळ्या पट्ट्यांचे! ओळखत होती फक्त मालन, आणि ती सांगून गेली नाही. असा संताप आला!

"मोबाईलवर बघू का?" राजेश्री, म्हणजे सून, म्हणाली.

"मोबाईल घाल चुलीत! जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो मी. गाभण म्हैस फाटकातूनच ओळखायचो. हा तळहाताएवढा मासा मला चकवणार?"

मी बॅटरी मारून तपासणी केली. कपाळ उंच, मान भरलेली, चाल खोंडासारखी. नर! आता मादी आणायची.

आमच्या झरी गावाहून परभणीला गेलो. मासेवाला पप्पू म्हणाला, "काका, एंजलचं वरून कळत न्हाई. अंडी घालताना पोटाखाली बारीक नळी येते. टोकदार असली तर नर, जाड अन् बोथट असली तर मादी. तवर काई खरं न्हाई."

"मग तू दुकान कशाला उघडलंस?"

"काका, तुमीच निवडा. माझ्यावर नका येऊ."

मी निवडला. अरुंद कपाळाचा, गरीब चेहऱ्याचा. घरी आणून सोडला, तर मालनच्या माशानं त्याला टाकीभर पळवून पळवून बेजार केलं! शेजारचा सूर्यभान खुर्ची ओढून बघत बसला.

"भुजंगराव, दोन्ही वळू हायत! उद्या टाकी फुटती का न्हाई बघा."

"तू घरी जा!"

"जातो की. चहा झाल्यावर."

तो मासा परत केला. पप्पूशी कडाक्याचं भांडलो आणि दुसरा आणला. या खेपेला जमलं! दोघं एकमेकांच्या मागं फिरू लागले. मालनचा मासा पुन्हा दाणे खाऊ लागला. एका दुपारी राजेश्री ओरडली, "मामा, पानावर अंडी घालायलेत!"

मी थांबलोच नाही. चप्पल घातली आणि थेट हलवायाकडे. पेढे! अख्ख्या गल्लीत वाटले. "मालनच्या माशाला पोरं होणार," असं दारोदार सांगितलं. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. बघू देत!

घरी आलो तर राजेश्री टाकीपुढं उभी.

"मामा, पेढे वाटून झाले का?"

"झाले. का?"

"मी बघत हुते. आधी हिनं घातली, मग तिनं घातली. दोघींच्याबी नळ्या जाड हायत."

"म्हणजे?"

"दोघीबी बायकाच हायत, मामा."

नळी बघायची ती एकच वेळ, आणि तेव्हा मी हलवायाच्या दुकानात! नरच नाही, मग अंडी फळणार कशी? दोन-तीन दिवसांत ती साबुदाण्यासारखी पांढरी पडून वाया गेली. सूर्यभान दारातूनच ओरडला, "भुजंगराव, पोरींची जिलेबी वाटतेत! पेढे कशाचे खाऊ घातले?"

त्याला काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. मग टाकीपुढं जाऊन मालनवर ओरडलो, "नवरा कोणता, एवढं तरी सांगून जायचं होतं! बायकोला नवरा समजून बसलो ना मी!" आत राजेश्रीचं लाटणं थांबलं. मी दाण्यांचा डबा उचलला. दोन्ही मासे काचेपाशी येऊन दाण्यासाठी तोंडं उघडत होते.

पप्पू म्हणतो, पाच-सहा लहान एंजल एकत्र वाढवा, जोडी ते आपली आपण जमवतात. त्याला मोठी टाकी लागते.

टाकी अजून आणलेली नाही.