शंभर टक्के पाणी

रायपुरात मे महिना कोणत्याही शासकीय आदेशाविना लागू होतो. त्या उन्हात आमच्या पुरानी बस्तीतल्या निरंजनवर एक जबाबदारी आली. तो एका महामंडळात कंत्राटी इंजिनीअर. साहेबांची पेट्रोल गाडी नव्या रायपूरच्या वाटेवर पुलाचा चढ आला की खटखट करी आणि दम सोडी. ती सुधारली तर निरंजन पर्मनंट, असा शामराव साहेबांचा तोंडी शब्द होता.

निरंजनने घरच्या कूलरचा पंप काढला.

"अहो, कूलर काहून खोलून राहिले?" बायको गंधाली ओरडली.

"इंजिनले कूलर लावतो. आत जाणाऱ्या हवेत पाण्याचा बारीक फवारा मारला, की हवा थंड होते, खटखट थांबते, जोर वाढतो. पर्मनंट झालो की तुले एसी!"

"अन् तोवर?"

"तोवर खिडकीत बस."

फवारा बसला आणि गाडी अशी सुटली म्हणता, की साहेब मंत्रालयात पोचले तेव्हा त्यांचा चष्मा अजून सदर बाजारातच होता.

"पाणी किती टाकलं?" साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं.

"पेट्रोलच्या दहा टक्के, सर."

"दहात एवढं, तर शंभरात किती?"

"सर, जास्त झालं तर आतली आग विझते."

"आग? सरकारी गाडीत आग लागून राहिली अन् तुम्ही मले आत्ता सांगता?"

तत्काळ समिती बसली. तिने त्रैराशिक मांडले. शासनात त्रैराशिकावर अपील नसते. तीस टक्क्यांना गाडी थरथरू लागली. समितीने नोंदवले, 'अतिरिक्त ताकदीमुळे वाहन अधीर.' पन्नासला मागून नुसती वाफ. शेरा पडला, 'धुराचे शुद्धीकरण यशस्वी.' शंभर टक्क्यांना गाडी जागची हलेना. पेट्रोल शून्य, प्रदूषण शून्य, अपघात शून्य. अशी कार्यक्षमता जगात कोणत्याही इंजिनाने दाखवलेली नव्हती.

पण साहेबांना बैठकीला तर जायचेच होते. चार बाबू गाडीला मागून ढकलू लागले. ड्रायव्हर बुद्धभूषण स्टिअरिंगवरून ओरडत होता, "जोर लावा भैया! मी हॉर्न वाजवून राहिलो ना!"

साहेबांना पारितोषिक मिळाले आणि निरंजनला नेमणूक: वाहन-धक्का सहायक, नियमित.

"झालो पर्मनंट!" त्याने घामाघूम होऊन घरी सांगितले.

"मग एसी?"

"घेतला. सरकारी गाडीत ठेवला आहे. चल, पदर खोच. चौकापासून ढकलत आणू."

हसून राहिले तुम्ही? हसा. धक्का सहायकाच्या आणखी जागा निघाल्या तेव्हा तुमच्या पोट्ट्याचा अर्ज मीच पाहिला. अन् वरून तुम्हीच मले विचारत होते, "काका, साहेबांकडे आपली ओळख आहे का हो?"